मोटारसायकलस्वार फ्रीमेसन लॉजच्या भेटीला येतात तेव्हा: दानाचे आवाहन कसे असावे?

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) म्हणजे फ्रीमेसनरी या जुन्या बंधुभावी संघटनेचे सभासद. त्यांतल्या मोटारसायकल चालवणाऱ्या मंडळींचे गट एखाद्या लॉजला, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखेला, भेट देतात, आपल्या सेवाकार्याची माहिती सांगतात आणि मदतीचे आवाहन करतात, ही प्रथा इंग्लंडमध्ये आता चांगलीच रुळली आहे. मी येथील एका लॉजचा सभासद आहे आणि मोटारसायकलही चालवतो. त्यामुळे अशा भेटी मी यजमानाच्या बाजूनेही पाहिल्या आहेत आणि पाहुण्याच्या बाजूनेही. त्यांवरून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. अशा भेटीचे यश त्या रात्री तबकात किती पैसे पडले यावर मोजू नये, किती सभासदांनी आपला वेळ देण्यासाठी नाव नोंदवले यावर मोजावे. पैसे देण्याची सवय लॉजना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तेवढ्यासाठी डझनभर मोटारसायकलींनी पावसातून येण्याची गरज नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉज 'गूज अँड ग्रिडायरन' या मद्यालयात एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली, असे परंपरा सांगते. आजची युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड १८१३ साली दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एक झाल्यावर आकाराला आली. बंधुभाव, साहाय्य आणि सत्य या तीन तत्त्वांपैकी मधल्या तत्त्वाची शिकवण सभासदाला पहिल्याच विधीत मिळते, आणि तीही मोठ्या युक्तीने: त्याच्याजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू आधीच काढून घेतलेल्या असतात, आणि मग सर्वांदेखत त्याच्याकडे दान मागितले जाते. द्यायला जवळ काहीच नाही, हे त्याला तेथे उभे राहून सांगावे लागते. हा अनुभव बहुतेकजण जन्मभर विसरत नाहीत. पुढे या तत्त्वातून संस्थाही उभ्या राहिल्या. बार्थोलोम्यू रुस्पिनी या दंतवैद्याच्या पुढाकाराने १७८८ साली मेसन कुटुंबांतील मुलींसाठी शाळा निघाली आणि ती आजही चालू आहे. चार जुन्या निधिसंस्था एकत्र करून २०१६ साली मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशन सुरू झाले आणि ते सभासदांच्या कुटुंबांबरोबरच बाहेरच्या धर्मादाय संस्थांनाही अनुदान देते.

मोटारसायकलस्वारांचे गट या मानाने अगदी अलीकडचे. त्यांतला सर्वांत परिचित 'विडोज सन्स' (विधवेचे पुत्र) हा गट १९९८ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत पसरला. नावाचा उगम बायबलमध्ये आहे: शलमोनाच्या मंदिरासाठी पितळेचे काम करणारा हिराम हा एका विधवेचा मुलगा होता, आणि मेसन परंपरेत त्याच्या कथेला फार महत्त्व आहे. या गटात येण्यासाठी माणूस आधी मान्यताप्राप्त लॉजचा तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलेला सभासद असावा लागतो. हा गट म्हणजे स्वतंत्र लॉज नव्हे, येथे कोणतीही दीक्षा मिळत नाही. दिवंगत सभासदांच्या पत्नी व मुलांना मदत करणे आणि मोटारसायकलप्रेमींच्या जगात फ्रीमेसनरीची ओळख करून देणे, ही त्यांनी स्वतःसाठी ठरवलेली कामे आहेत.

प्रत्यक्ष भेट कशी होते तेही सांगतो, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातले दृश्य येते. मंडळी संध्याकाळी लॉजच्या आवारात पोहोचतात. गाडी ओल्या गवतावर लावायची असेल तर साइड स्टँड मातीत रुतू नये म्हणून त्याखाली प्लास्टिकची चकती सरकवतात. हेल्मेटच्या पोटात खुपसून आणलेले पांढरे हातमोजे बाहेर निघतात, डिकीतून चुरगळलेला काळा सूट निघतो आणि गाड्यांच्या आडोशाने कपडे बदलले जातात, कारण लॉजच्या सभेत बसताना कातडी जाकीट चालत नाही. तेथे काळा सूट, टाय आणि एप्रन हाच पोशाख. दाराशी तलवार घेऊन उभा असलेला टायलर, म्हणजे लॉजचा द्वारपाल, त्यांची चौकशी इतर पाहुण्यांप्रमाणेच करतो. सभा संपेपर्यंत ते चारचौघांसारखे पाहुणे असतात. नंतरच्या भोजनाच्या वेळी, म्हणजे फेस्टिव्ह बोर्डवर, लॉजच्या मास्टरने, म्हणजे अध्यक्षाने, परवानगी दिली तर ते पाठीवर बोधचिन्ह शिवलेली जाकिटे चढवतात आणि त्यांच्यातला एकजण उठून पाचदहा मिनिटे बोलतो.

याच पाचदहा मिनिटांबद्दल मला आपली मते हवी आहेत. त्या वेळात काय सांगावे, काय मागावे आणि काय टाळावे? माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक वक्ते ही संधी वाया घालवतात. ते आपल्या गटाचा इतिहास सांगतात, सहलींची छायाचित्रे दाखवतात, गेल्या वर्षी किती धनादेश दिले याची यादी वाचतात आणि खाली बसतात. ऐकणारे टाळ्या वाजवतात, तबकात नोटा टाकतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी काही बदललेले नसते.

शंकासुर

धागा आवडला, पण मुळाशीच एक शंका आहे. बारा माणसे प्रत्येकी साठ-सत्तर मैल गाडी चालवून येतात, जेवतात आणि तेवढेच अंतर परत जातात. त्यांच्या पेट्रोलचे आणि जेवणाचे पैसे थेट एखाद्या रुग्णालयाला दिले असते तर काय बिघडले असते? आपल्याकडे गुप्तदानाला जे मोल आहे ते जाहीर दानाला नाही. पाठीवर चिन्ह मिरवत केलेल्या दानात दान किती आणि मिरवणे किती, हा प्रश्न मला नेहमी पडतो. शिवाय ज्या संघटनेवर गुप्ततेचा आरोप वर्षानुवर्षे होतो आहे, तिने सेवाकार्याचा उपयोग प्रतिमा उजळण्यासाठी केला असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर देणार?

चाकोरीबाहेर

शंकासुर, पेट्रोलच्या मुद्द्याला सरळ उत्तर देतो. मी पाहिलेल्या गटांत हा खर्च प्रत्येकाच्या खिशातून होतो, देणगीच्या रकमेला हात लावला जात नाही. माणूस छंदापायी एरवीही गाडी चालवणारच असतो. सुटीच्या दिवशी निरुद्देश भटकण्याऐवजी तो एका ठरलेल्या कामासाठी निघाला, एवढाच फरक. त्यामुळे 'ते पैसे थेट द्यावेत' हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी व्यवहारात लागू पडत नाही. घरी बसलेल्या माणसाने त्या रविवारच्या पेट्रोलचे पैसे रुग्णालयाला पाठवले, असे मी तरी कधी पाहिलेले नाही.

प्रतिमेचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. फ्रीमेसनरीची ओळख करून देणे हा या गटांचा उघड हेतू आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. माझा आग्रह एवढाच असतो की दोन हेतूंपैकी कोणता पुढे आणि कोणता मागे हे वक्त्याने आधी ठरवावे. लॉजमध्ये बोलताना तर ओळख करून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण समोर बसलेले सगळे आधीपासूनच सभासद असतात. तेथे केवळ कामाबद्दल बोलता येते, आणि तरीही लोक स्वतःबद्दलच बोलतात, हीच माझी तक्रार आहे.

रातराणी

मी फ्रीमेसन नाही आणि मोटारसायकलही चालवत नाही, पण इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते, म्हणून या विषयाची एक बाजू मला रोज दिसते. येथे 'ब्लड बाइक' नावाची स्वयंसेवी व्यवस्था आहे. रात्री, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्यांच्या दिवशी, रुग्णालयांची नेहमीची वाहतूक बंद असते तेव्हा, हे स्वयंसेवक रक्त, प्लेटलेट, तपासणीचे नमुने, क्वचित शस्त्रक्रियेची उपकरणे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दात्या मातांचे दूध एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पोहोचवतात. राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून ते यासाठी एक पेनीही घेत नाहीत. अनेक ठिकाणी फ्रीमेसन मंडळींच्या प्रांतिक निधीतून अशा मोटारसायकली घेऊन दिलेल्या आहेत आणि त्यांच्यावर काटकोन व कंपास हे फ्रीमेसनांचे चिन्ह मी स्वतः पाहिले आहे.

आता चाकोरीबाहेर यांच्या मुद्द्याला माझ्या बाजूने पुष्टी देते. तांबड्या पेशींची पिशवी साधारण चार अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली तर पस्तीस दिवस टिकते, पण प्लेटलेट फार तर सात दिवस टिकतात आणि त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणून प्रत्येक रुग्णालय प्लेटलेटचा मोठा साठा करू शकत नाही, आणि रात्री दोन वाजता गरज पडली की त्या कुठून तरी आणवाव्या लागतात. आमच्या दाराशी जो माणूस येतो त्याची पेटी उघडल्यावर आम्ही प्रथम तापमानाची नोंद पाहतो, मग पिशवीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतो, वेळ लिहितो आणि सही घेतो. दोन मिनिटांचे काम आहे. त्या दोन मिनिटांत मला कधीही त्याच्या जाकिटावर काय शिवले आहे हे पाहण्याची सवड मिळालेली नाही.

येथे पैशाची चणचण नसते असे नाही, पण त्याहून मोठी अडचण माणसांची असते. गाडी आहे, पेट्रोल आहे, आणि मंगळवारच्या रात्रीची पाळी घ्यायला कोणी नाही, असे होते. गाडी चालवणाऱ्यासाठी प्रगत वाहनचालनाची परीक्षा उत्तीर्ण असणे सामान्यतः आवश्यक असते, त्यामुळे कोणीही उठून उभे राहिले असे चालत नाही. पण फोनवर बसून फेऱ्यांचे नियोजन करणारा माणूस कोणीही असू शकतो. त्याला मोटारसायकल येण्याची मुळीच गरज नसते, आणि नेमकी ती जागा भरणे सर्वांत कठीण जाते.

चाकोरीबाहेर

रातराणी, आपला प्रतिसाद माझ्या मूळ लेखापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. फोनवरच्या नियोजनाचा मुद्दा तर लॉजच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले, निवृत्त, रात्री झोप न लागणारे आणि आयुष्यभर कार्यालये चालवलेले कितीतरी सभासद असतात. त्यांना मोटारसायकलवर बसवण्याची कल्पना कोणी मांडणार नाही, पण रात्री फोनपाशी बसून कोणता चालक कुठे आहे हे सांभाळणे त्यांना सहज जमेल. भेटीला येणाऱ्या वक्त्याने नेमके हेच मागायला हवे.

मावळतीकर

मी बरीच वर्षे माझ्या लॉजचा चॅरिटी स्टुअर्ड होतो, म्हणजे देणग्या जमवणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे हे माझे काम होते. वेळ द्यावा हे मान्य, पण पैशाचा मुद्दा इतका हलका करू नये असे मला वाटते. मोटारसायकल पैशानेच येते. आपत्कालीन विभागात येणाऱ्या घाबरलेल्या मुलांना टेडी अस्वल देण्याचा उपक्रम एसेक्समधील फ्रीमेसनांनी २००१ साली सुरू केला आणि पुढे तो इतर अनेक प्रांतांतील फ्रीमेसनांनी उचलला. तोही पैशावरच चालतो. डॉक्टर सुई किंवा पट्टी आधी त्या अस्वलाला लावून दाखवतात आणि मूल शांत होते. ते अस्वल मुलाचेच होऊन घरी जाते, म्हणजे दर वेळी नवे लागते. लंडनमधील फ्रीमेसनांनी तेथील अग्निशमन दलाला उंच इमारतींसाठी दोन शिडीगाड्या घेता याव्यात म्हणून पंचवीस लाख पौंड उभे केले. ही कामे कोणी रात्री जागून झाली नसती.

माझी तक्रार निराळी आहे. भेटीला येणारी मंडळी पैसे मागताना इतकी ढिसाळ असतात की येणाऱ्या रकमेचा एक भाग हातचा जातो. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाने 'गिफ्ट एड'चे घोषणापत्र भरून दान दिले तर धर्मादाय संस्थेला प्रत्येक पौंडामागे आणखी पंचवीस पेन्स सरकारकडून मिळतात. मेसॉनिक चॅरिटेबल फाउंडेशनची 'रिलीफ चेस्ट' योजना आहे. तिच्यात लॉजच्या नावाने देणग्या जमा होतात आणि हे पंचवीस पेन्स मिळवण्याची कागदपत्रांची कटकट फाउंडेशन स्वतः निस्तरते. त्यासाठी फक्त एवढेच करायचे असते, की नोट तबकात तशीच न टाकता पाकिटात घालून त्यावर नाव, पत्ता आणि सही लिहायची. मोटारसायकलवाल्या पाहुण्यांनी हेल्मेट उलटे करून ते टेबलांवरून फिरवले की दृश्य मोठे झकास दिसते, लोक हसतात, दोन नोटा जास्तही टाकतात. पण त्या हेल्मेटातल्या रकमेवर कोणाचेही नाव नसते, आणि मग घोषणापत्राच्या आधारे मिळणारी भर मिळत नाही. एका रात्रीत चारशे पौंड जमले तर शंभर पौंड केवळ हौसेपायी सोडून दिले, असा त्याचा अर्थ होतो.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. बाजारात किंवा रस्त्यावर डबा घेऊन उभे राहायचे असेल तर स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. मोटारसायकलींचा ताफा एखाद्या चौकात थांबवून 'जाता जाता' पैसे गोळा करणे हे उत्साहाच्या भरात सुचते, पण ते नियमात बसत नाही.

शंकासुर

मावळतीकरांचा हेल्मेटचा हिशेब वाचून माझ्या आधीच्या शंकेला धार आली. दृश्यासाठी शंभर पौंड सोडून देणे म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण न्यायाने हेही म्हणतो, की रातराणींच्या प्रतिसादानंतर माझा पेट्रोलचा आक्षेप मागे पडला आहे. पाळीला माणूस मिळत नसेल तर तो कुठेतरी जाऊन, समोर उभे राहूनच मागावा लागेल.

तरीही जाकिटाचा प्रश्न उरतोच. बाहेरच्या माणसाला पाठीवरचे मोठे चिन्ह पाहून भीती वाटते. अशा जाकिटांचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, हे यांना ठाऊक नाही का?

चाकोरीबाहेर

ठाऊक आहे, आणि त्याबद्दल हे गट बाहेरच्यांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त सावध असतात. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी मोटारसायकलस्वारांनी घातलेल्या गोंधळानंतर अमेरिकेत मोटारसायकलवाल्यांची प्रतिमा बिघडली, आणि इंग्लंडमध्ये १९६४ साली क्लॅक्टन आणि ब्रायटन येथे मॉड्स (स्कूटरवाले तरुण) व रॉकर्स (मोटारसायकलवाले तरुण) यांच्यात झालेल्या मारामाऱ्यांनी तेच केले. पाठीवरचे चिन्ह किती तुकड्यांचे आहे आणि खालच्या पट्टीवर एखाद्या प्रदेशाचे नाव आहे का, याला काही टोळ्यांच्या जगात हद्दीवरील हक्काचा अर्थ आहे. म्हणून जबाबदार गट त्या भागातील इतर क्लबांना आपण कोण आहोत हे आधीच कळवतात आणि हद्द सांगणारी पट्टी टाळतात.

पण याच देशात याच्या उलटे उदाहरणही आहे. १९५९ साली पूर्व लंडनच्या हॅकनी विक भागात चर्चने तरुणांसाठी एक क्लब काढला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बिल शेरगोल्ड या धर्मगुरूने, जो स्वतः ट्रायम्फ मोटारसायकल चालवत असे, 'एस कॅफे'सारख्या अड्ड्यांवर जाऊन कातडी जाकिटातल्या पोरांना चर्चमध्ये येण्याचे आमंत्रण दिले. '५९ क्लब' त्यातूनच नावारूपाला आला. त्याने जाकिटे काढून या असे सांगितले नाही. मला या गोष्टीतून आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे लॉजच्या मास्टरच्या हाती आहे: जाकीट केव्हा घालायचे हे त्याने ठरवावे, आणि पाहुण्यांनी तो शब्द खाली पडू देऊ नये.

उत्तररात्र

मला वाटते येथे स्त्रियांचा उल्लेखच आलेला नाही. गटाचे नाव विधवांच्या मुलांचे, काम विधवांना मदत करण्याचे, आणि सभासद मात्र सगळे पुरुष. ज्या घरांसाठी हे सगळे चालले आहे त्या घरांतल्या बायकांना कोणी विचारते का?

मावळतीकर

उत्तररात्र, प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या स्वतंत्र मेसॉनिक संघटना शंभराहून अधिक वर्षे आहेत. 'ऑर्डर ऑफ विमेन फ्रीमेसन्स' १९०८ साली निघाली आणि दुसरी १९१३ साली. त्यांच्या सभा निराळ्या असतात, पण सेवाकार्यात सहकार्य होते.

विधवांना कोणी विचारते का, याचे उत्तर लॉजच्या आल्मनरकडे असते. आजारी सभासद आणि दिवंगत सभासदांच्या पत्नी यांची विचारपूस करणे हेच त्याचे काम. चांगला आल्मनर नाताळला शुभेच्छापत्र पाठवून थांबत नाही. तो जाऊन बसतो, चहा घेतो, आणि छपराला गळती आहे का, हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च झेपतो का, हे बोलता बोलता काढून घेतो. अडचण अशी की आल्मनर बहुधा एकटाच असतो आणि त्याच्या यादीतली घरे दोन-तीन परगण्यांत विखुरलेली असतात. कारण नवरा गेल्यावर बाई मुलीकडे किंवा समुद्राकाठच्या गावी राहायला जाते, आणि पन्नास मैलांवरच्या एका भेटीसाठी आल्मनरचा अख्खा दिवस जातो.

येथे मला मोटारसायकलवाल्यांचा खरा उपयोग दिसतो, आणि तो चाकोरीबाहेर यांनीही सांगितलेला नाही. हे लोक रविवारी फिरायला निघतातच, तर त्यांनी आल्मनरकडून एक पत्ता घ्यावा. आधी फोन करावा, हे अत्यंत महत्त्वाचे, कारण ऐंशी वर्षांच्या एकट्या बाईच्या दारी न सांगता सहा मोटारसायकली उभ्या राहिल्या तर ती दार उघडणार नाही आणि तिने उघडूही नये. दोघांनी जावे, बाकीच्यांनी जवळच्या कॅफेत थांबावे. परतल्यावर आल्मनरला दोन ओळी लिहून कळवाव्यात. याला एक पौंडही लागत नाही.

चाकोरीबाहेर

मावळतीकर, मी हे लिहायला हवे होते असे वाटावे इतके हे नेमके आहे. आमच्या गटात एकजण निवृत्त प्लंबर आहे. त्याला अशा एका घरी स्वयंपाकघराच्या सिंकखाली वाटी ठेवलेली दिसली. त्याने विचारले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, 'थेंब थेंबच पडतंय, त्यासाठी कशाला कोणाला त्रास द्यायचा.' त्याने खाली वाकून नट आवळला आणि पुढच्या रविवारी नवा वॉशर घेऊन तो पुन्हा गेला. ही गोष्ट गटाच्या कोणत्याही अहवालात नाही, आणि भेटीच्या भाषणात तर ती कोणी सांगतच नाही, कारण तिच्यात धनादेशही नाही आणि छायाचित्रही नाही. त्या घरातले छायाचित्र घेऊन दाखवणे चुकीचेच ठरले असते. पण नाव न सांगता गोष्ट सांगता येते, आणि समोर बसलेल्या शंभर माणसांत निवृत्त प्लंबर, विजेचे काम जाणणारे, सुतार आणि हिशेबनीस असतातच.

तेव्हा भाषणाच्या मजकुराबद्दल माझे मत आता असे झाले आहे. गटाचा इतिहास एका वाक्यात आटोपावा. त्यानंतर एक घडलेली घटना सांगावी, ज्याची मदत झाली त्याची ओळख पटणार नाही अशा बेताने. मग एकच मागणी करावी आणि ती इतकी ठोस असावी, की ऐकणाऱ्याला जेवणाच्या टेबलावरून उठण्याआधी हो किंवा नाही म्हणता यावे: महिन्यातून दोन रात्री फोनपाशी बसाल का, आल्मनरच्या यादीतले एक घर सांभाळाल का. कोरा कागद आणि पेन टेबलांवरून फिरवावे. पाकिटे आधीच ताटाशेजारी ठेवलेली असावीत, म्हणजे मावळतीकरांचे पंचवीस पेन्सही जाणार नाहीत.

शंकासुर

हे पटले. एक पुस्ती जोडतो: नाव लिहून घेतलेल्या माणसाला आठवडाभरात फोन गेला पाहिजे. लोकांचा उत्साह जेवणाबरोबर चढतो आणि सकाळी उतरतो. कागद वक्त्याच्या डिकीत महिनाभर पडून राहिला तर पुढच्या भेटीत तोच माणूस हात वर करणार नाही.

रातराणी

आणि ज्याने नाव दिले त्याला पहिल्याच आठवड्यात रात्रीची पाळी देऊ नये. एखाद्या जुन्या नियोजकाबरोबर दोन-तीन रात्री नुसते बसू द्यावे. पहाटे तीनला एकाच वेळी दोन रुग्णालयांचे फोन आल्यावर कोणाला आधी पाठवायचे हे ऐकून कळत नाही, पाहून कळते.

वाचनमात्र

मी इतके दिवस फक्त वाचत होतो, आता एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आमच्या लॉजमध्ये पुढच्या महिन्यात असाच एक गट येणार आहे आणि भोजनाच्या वेळी सोडत काढायचे ठरले आहे. सोडतीच्या तिकिटांनाही ती गिफ्ट एडची पाकिटे चालतील का? आणि सोडतीसाठी वेगळा परवाना लागतो का?

मावळतीकर

वाचनमात्र, तिकिटांना पाकिटे चालणार नाहीत. तिकीट घेणाऱ्याला बक्षिसाची संधी मिळते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते दान ठरत नाही आणि त्यावर गिफ्ट एड मागता येत नाही. परवान्याबद्दल सांगायचे तर, २००५ च्या जुगारविषयक कायद्यानुसार एखाद्या ना-नफा कार्यक्रमाचाच भाग म्हणून काढलेल्या सोडतीला परवाना लागत नाही, मात्र तिकिटे त्या कार्यक्रमाच्या जागीच आणि तो चालू असतानाच विकली पाहिजेत. जमलेल्या रकमेतून बक्षिसांसाठी पाचशे पौंडांपेक्षा आणि इतर खर्चासाठी शंभर पौंडांपेक्षा अधिक वजा करता येत नाहीत. कोणी बक्षीस भेट म्हणून दिले असेल तर त्याला ही मर्यादा नाही.

माझी सूचना अशी, की पाकिटांचे तबक आधी फिरवा आणि सोडत नंतर काढा. क्रम उलटा केला तर लोक तिकिटांवर पाच-दहा पौंड घालवतात, आपला वाटा देऊन झाला असे समजतात आणि पाकीट कोरेच परत येते. स्वयंसेवकांच्या नावांचा कागद मात्र या दोन्हींच्या आधी, सूप आणि मुख्य जेवण यांच्यामध्ये फिरवा. त्या वेळी माणसे भुकेली असतात, पण जागी असतात.